अण्णा जिथं खाकरले

रामहरी अण्णांना खोकला कधीच नव्हता. विडी नाही, तंबाखू नाही, जेऊरच्या शेतात वाढलेलं अंग, छाती ठणठणीत. तरी सोलापुरात ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडून जुने मोडी कागद वाचून घेतले, त्या सगळ्यांना वाटायचं की या माणसाच्या घशाला काहीतरी झालंय. वाचता वाचता अण्णा मध्येच खाकरायचे, पंच्यानं ओठ पुसायचे आणि पुढची ओळ धरायचे. खरी गोष्ट एवढीच होती की कागदात न कळणारा शब्द आला की अण्णा खाकरायचे. त्यांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, हे लग्नानंतर वर्षभरातच ध्यानात आलं होतं. पण बाई शहाणी, तिनं ते कधी चारचौघांत काढलं नाही.

अण्णा सरकारी दप्तरखान्यात नकलेचे कारकून. नोकरीला लागले तेव्हा तिथं मोडी वाचणारे दोघं म्हातारे होते, त्यांच्या हाताखाली अण्णा शिकले. अक्षर लवकर बसलं. मोडीची ओळ एका दमात धावते, शब्द कुठं संपला ते आपलं आपण ओळखायचं, ते त्यांना छान जमायचं. पण अक्षर वाचणं वेगळं आणि त्यातलं माणूस कळणं वेगळं. जुन्या कागदांत असे शब्द असतात की ते बोलणारी माणसं जाऊन शंभर-दीडशे वर्षं झाली. अमका बिन तमका म्हणजे तमक्याचा मुलगा, अमकी कोम तमका म्हणजे तमक्याची बायको, निमे म्हणजे अर्धा, तक्षीम म्हणजे वाटा, एवढं अण्णांना पाठ होतं. नव्या कारकुनांची ते थट्टा करायचे. एका पोरगेल्या कारकुनानं ‘मौजे मजकूर’ वाचून मजकूर नावाचं गाव नकाशात दोन दिवस शोधलं होतं. मजकूर म्हणजे वर सांगितलेलं गाव, हे अण्णांनी त्याला सगळ्या ऑफिसदेखत समजावलं आणि पोरगं लाजून लाल झालं. अण्णांना ती गोष्ट सांगायला फार आवडायची.

पण स्वतःला अडलेला शब्द त्यांनी त्या दोन म्हाताऱ्यांना कधी विचारला नाही. विचारलं असतं तर त्यांनी प्रेमानं सांगितलं असतं. पण नाही! विचारलं तर आपल्याला येत नाही हे उघडं पडणार, आणि अण्णांना तेवढं सोडून जगातलं काहीही चाललं असतं. म्हातारे एकामागून एक पेन्शनीत गेले. मग मोडी वाचणारे म्हणून अण्णाच उरले. रविवारी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात खेड्यापाड्यातली माणसं कागद घेऊन यायची. अण्णा कुणाकडून पै घ्यायचे नाहीत, हे मात्र खरं. कुणी वानवळा आणला, हुरडा आणला, तर विजयमालाबाई ठेवून घ्यायच्या. अण्णांना हवा असायचा तो मान. अण्णांनी वाचलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकताना अण्णांचा चेहरा बघावा.

एकाहत्तर सालचा फाल्गुन. रविवारी सकाळी सांगोल्याकडच्या लवणवाडीचे धुळा गोरड आले. धनगर माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात पत्र्याची नळी. मागं त्यांची मुलगी कस्तुरा आणि तिची चुलती. त्यांच्याबरोबर अक्कलकोटकडच्या केराबाई होत्या आणि त्यांचा मुलगा येडू. येडू सोलापुरातल्या एका सूतगिरणीत कामाला होता. कस्तुराचं आणि येडूचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, आणि त्या दिवशी सगळे बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची कापडं घ्यायला, सोलापुरात आले होते.

मग कापडाच्या दुकानाआधी अण्णांकडे कशाला? तर धुळाच्या म्हाताऱ्या चुलत्यानं घरात एक शंका काढून ठेवली होती. येडूच्या वाडवडलांना अक्कलकोटकडं लवणवाडे म्हणतात, म्हणजे ते कधीकाळी लवणवाडीचेच असणार. मग ते आपलेच भाऊबंद निघाले तर? एका कुळात सोयरीक होत नाही, ते भाऊ-बहिणीचं लग्न ठरतं. केराबाई सांगत होत्या की आमचं देवक कळंब, तुमचं रुई, देव वेगळे, मग कूळ एक कसं असेल? नवरा असता तर त्यानं दहा पिढ्या सांगितल्या असत्या, पण तो जाऊन बारा वर्षं झाली. धुळाकडं वाडवडलांपासून चालत आलेला एक कागद होता. तो एकदा वाचून घेऊ, मग बस्ता, असं ठरलं.

नळीतून कागद निघाला तो जुना थळझाडा. थळ म्हणजे गावात एका घराण्याच्या नावानं चालणारी वडिलोपार्जित जमीन, आणि थळझाडा म्हणजे गावातल्या अशा सगळ्या जमिनींची यादी, कोण कुठली कसतो त्याच्यासकट. अण्णांनी चष्मा लावला, मांडीवर पाट घेतला, त्यावर कागद पसरला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. कस्तुरानं विजयमालाबाईंच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला होता, ती तिथंच दाराशी उभी राहिली. येडू भिंतीला टेकून बसला होता. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती, आणि त्यामुळंच कुणालाही कळलं असतं की दोघांच्या मनात काय आहे.

“थळ गोरड,” अण्णा वाचत होते. “पैकी निमे, मल्हारी बिन धुळा गोरड.” धुळा गोरडांनी मान हलवली, मल्हारी त्यांचा खापरपणजा. “पैकी निमे,” आणि इथं अण्णा खाकरले. पंच्यानं ओठ पुसले. “लावणी, सटवा बिन येडू.”

केराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सटवा हे त्यांच्या सासऱ्याच्या आज्याचं नाव. तो लवणवाडीहून उठून अक्कलकोटकडं गेला, एवढं त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलेलं होतं.

अण्णांनी कागद खाली ठेवला आणि निकाल दिला. थळ गोरड, त्यात दोन वाटे, एक मल्हारीचा, एक सटवाचा. एका थळाचे दोन वाटेकरी म्हणजे एका बापाची दोन लेकरं, नाहीतर चुलतभाऊ. म्हणजे तुम्ही दोघं गोरडच. भाऊबंद.

केराबाईंनी पुन्हा देवकाचं काढलं. अण्णांनी त्यांना समजावलं की घर उठून दुसऱ्या मुलखात गेलं की देवकं बदलतात, माणसांना आठवत नाही. तेव्हा येडूनं, आत्तापर्यंत एक शब्द न बोललेल्या पोरानं, विचारलं.

“अण्णा, कागदात चूक असतीया का कवा?”

“माणसं विसरतात,” अण्णा म्हणाले. “कागद विसरत नाही.”

वाक्य चांगलं बसलं. अण्णांना स्वतःलाच ते आवडलं, आणि नंतर दोन-तीन ठिकाणी त्यांनी ते वापरलंही. कस्तुरानं पाण्याचा तांब्या विजयमालाबाईंच्या हातात परत दिला. धुळांनी कागद गुंडाळला, अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले की थोरल्या पापातनं वाचवलंत. कापडाच्या दुकानात जायचं राहिलंच. लवणवाडीची माणसं एका एस.टी.नं गेली आणि अक्कलकोटची दुसऱ्या.

सुपारी फुटलेली मुलगी घरात ठेवायची म्हणजे गावाच्या तोंडाला काम. धुळांनी घाई केली आणि दोन महिन्यांत, वैशाखात, कस्तुराचं दुसरं लग्न ठरवलं. नवरा तातोबा, बिजवर, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, वयानं पंधरा वर्षांनी मोठा, मेंढरं घेऊन वर्षाचे आठ महिने रानोमाळ हिंडणारा. माणूस वाईट नव्हता. धुळांनी अण्णांना लग्नाची पत्रिका पाठवली, वर हळदीकुंकवाची बोटं, आणि पोस्टकार्ड जोडलं की आपल्यामुळं हे शुभकार्य होत आहे, अगत्य यावं.

ती पत्रिका आली त्याच दिवशी दप्तरखान्यात आबासाहेब आले होते. आबासाहेब म्हणजे त्या दोन म्हाताऱ्यांपैकी मागं उरलेला एक. ऐंशी वर्षांचे, पेन्शनीच्या कामासाठी कचेरीत आले की अण्णांच्या टेबलाशी चहा प्यायचे. त्या दिवशी अण्णांचा मूड चांगला होता. पत्रिका खिशात होती. बोलता बोलता त्यांनी सहज, म्हणजे अगदी दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं, विचारलं की थळझाड्यात एका वाट्यापुढं ‘गतकूळ’ असं लिहितात, ते काय असतं हो?

आबासाहेबांनी बशीतला चहा फुंकला. म्हणाले, अरे, त्यात काय! दुष्काळात, पटकीच्या साथीत एखादं घर पार बुडायचं, मागं वारस नाही. त्याची जमीन ओस पडायची. ती गतकूळ. मग पाटील बाहेरून एखादा कुणबी, धनगर आणून ती त्याला कसायला लावून द्यायचा, तीच लावणी. जमीन कसायचा नवा माणूस, पण थळाला नाव जुन्याच घराचं. म्हणून तर शब्द मुद्दाम लिहायचे, की हा कसणारा त्या कुळातला नव्हे. न लिहिलं तर पुढं लोक त्याला भाऊबंद समजतील ना!

आबासाहेब हसले आणि उरलेला चहा प्यायले. अण्णांच्या कपावर साय धरली.

लग्नाला आठ दिवस होते. हे आठ दिवस पुढं अण्णांना एकेक करून तोंडपाठ झाले. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की आबासाहेब म्हातारे झालेत, चुकत असतील. पण संध्याकाळी कचेरी सुटल्यावर त्यांनी जुने थळझाडे काढून बघितले आणि सात ठिकाणी तो शब्द सापडला. सातही ठिकाणी कसणारा परक्या आडनावाचा. दुसऱ्या दिवशी रजा मागायला साहेबांपुढं उभे राहिले आणि दुसरंच काहीतरी बोलून परत आले. तिसऱ्या दिवशी पोस्टकार्ड लिहायला घेतलं. ‘कागद वाचताना माझी’ इथवर लिहिलं, पुढचा शब्द ‘चूक’. तो लिहिवेना. कार्ड फाडलं. चौथ्या दिवशी बार्शीकडचे चार पाटील आले, अण्णांची कीर्ती ऐकून, आणि त्यांचे कागद वाचताना अण्णा एवढ्या वेळा खाकरले की पाटलांनी त्यांना ज्येष्ठमध चघळायला सांगितला.

सहाव्या दिवशी मात्र ते निघाले. विजयमालाबाईंना सांगितलं की सांगोल्याला काम आहे. एस.टी.त बसले, तिकीट काढलं. गाडी मंगळवेढ्याला थांबली तेव्हा पाणी प्यायला म्हणून उतरले. तिथं उभ्या उभ्या त्यांच्या डोळ्यापुढं सगळं आलं. मांडव पडलेला असेल, पाव्हणे जमले असतील, आणि त्या सगळ्यांसमोर आपण म्हणणार की मला तो शब्द येत नव्हता, आणि येत नाही हे मी लपवलं. येडूनं विचारलं होतं, कागदात चूक असते का, आणि आपण त्याला काय ऐटीत उत्तर दिलं होतं! कंडक्टरनं घंटी मारली. अण्णा चढले नाहीत. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि ते रस्ता ओलांडून सोलापूरच्या गाडीची वाट बघत बसले. आता जाऊन तरी काय उपयोग, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण उपयोग होता. अजून दोन दिवस होते आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं. घरी आल्यावर विजयमालाबाईंनी विचारलं, झालं का काम? अण्णा खाकरले.

लग्न लागलं. लागल्यावर अण्णांना वाटलं होतं की आता सुटलो, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. पण तसं होत नाही. मोडी वाचताना त्यांचा आवाज बसायला लागला. रविवारची माणसं त्यांनी हळूहळू टाळली, डोळे दुखतात म्हणून सांगितलं. येडूनं पुढची तीन वर्षं लग्न केलं नाही, हे त्यांना सूतगिरणीतल्या एका माणसाकडून कळलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा कचेरीतल्या कारकुनांना दुष्काळी कामांवर हजेरी घ्यायला पाठवलं. अण्णांची नेमणूक सांगोल्याच्या रस्त्यावर झाली. पौषातलं ऊन, मैलभर बायाबापड्या खडी फोडत बसलेल्या. अण्णा हजेरीपुस्तक घेऊन ओळीनं नावं पुकारत चालले होते. ‘कस्तुरा तातोबा’ हे नाव त्यांनीच पुकारलं, आणि हजर म्हणून जी बाई उभी राहिली तिला त्यांनी ओळखलं नाही. ओळखलं ते तिनं. हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, गालफडं बसलेली, वय जेमतेम एकवीस-बावीस. तिनं हातोडा खाली ठेवून त्यांना वाकून नमस्कार केला.

मेंढरं चाऱ्यावाचून गेली, ती सांगत होती. धनी खडी वाहतोय. पण मग तिचा चेहरा जरा उजळला. यंदाच्या भाऊबीजेला येडू आला होता, म्हणाली. गेल्या वर्षीबी आला होता. तुमी सांगितलंत आमी भाऊ-बहीण म्हणून, तर मग म्हटलं, नातं कळलं तर ते पाळायला नको? मला पाठचा भाऊ न्हाय. पहिल्या वर्षी मीच सांगावा धाडला. लुगडं घेऊन आला आन पाटावर बसून रडला. आता न्हाय रडत.

अण्णांनी हजेरीपुस्तक तोंडापुढं धरलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांच्या आवाजात काही फरक पडला नाही, याचा त्यांना पुढं फार राग येत राहिला.

त्यानंतर सहा वर्षं गेली. अण्णा पेन्शनीत आले. विजयमालाबाईंच्या मते ते उगाच वाळत चालले होते. डॉक्टरनं टॉनिक दिलं, त्याचा काय उपयोग! माणसानं पोटात ठेवलेलं टॉनिकनं निघत नाही. अण्णांनी आतल्या आत हिशेब मांडला होता: आपण बोलत नाही, ती त्याला ओवाळते, म्हणजे दरवर्षी आपणच तिच्या हातून खोटं करवून घेतो. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत त्यांनी ठरवलं की बस्स. मरायच्या आधी एकदा सांगून टाकायचं. पत्ता त्यांना ठाऊक होता. मेंढरं गेल्यावर तातोबा सोलापुरात आला होता, एका गोदामावर राखणदार होता आणि होटगीच्या रस्त्याला पत्र्याच्या खोलीत त्यांचं बिऱ्हाड होतं. घरापासून दोन मैल. सहा वर्षं दोन मैलांवर ती राहत होती.

आता भाऊबीजेचाच दिवस का निवडला? येडू येणार तेव्हा दोघांना एकदमच सांगावं, पुन्हा धीर व्हायचा नाही, असा त्यांचा विचार. सकाळी दहाला ते तिच्या दारात उभे होते.

कस्तुराला कोण आनंद! खोली सारवलेली, दारात रांगोळी, चुलीवर पुरण शिजत होतं. तातोबा गोदामावर गेला होता, दोन्ही मुली शेजारच्या अंगणात खेळत होत्या. येडू अक्कलकोटहून दुपारपर्यंत येणार होता. तिनं अण्णांना घोंगडी टाकून दिली आणि चहा ठेवला. अण्णांनी कुठून सुरुवात करावी हे रस्त्यानं घोकलं होतं, ते सगळं विसरले. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं गेलं. देवांच्या मागं ती पत्र्याची नळी उभी होती.

बा वारला तवा मी मागून घेतली, कस्तुरा म्हणाली. येडूच्या आन माझ्या वाडवडलांची नावं एका कागदात हायती, ती ह्याच्यात. मग ती जरा थांबली. नळी उघडून तिनं कागद काढला आणि अण्णांच्या पुढं पसरला.

“अण्णा, लई दिस इचारायचं हुतं. त्या दिशी तुमी वाचताना हितं कुटंतरी एक शब्द सोडला. त्यो काय हाय?”

अण्णा म्हणाले, तुला वाचता येतं?

“न्हाय की. पर तुमी तितं खाकरला हुता. मी दारात हुते. आमच्या आदी बसलेल्या एका मानसाचा कागद वाचतानाबी तसंच खाकरला, तवा मामी हळूच हसल्या हुत्या. तवा मला वाटलं, ह्यास्नी ते येत नसंल.”

मामी म्हणजे विजयमालाबाई. अण्णांनी कप खाली ठेवला. सात वर्षं जे कुणाला माहीत नाही असं ते धरून चालले होते, ते या न शिकलेल्या पोरीनं दारात उभं राहून, पाण्याचा तांब्या हातात घेऊन, त्याच दिवशी ओळखलं होतं. आणि तरी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

मग अण्णांनी सांगितलं. शब्द वाचला, बोट ठेवून. त्याचा अर्थ सांगितला. गोरडांचं अर्धं घर बुडालं, जमीन ओस पडली, पाटलानं सटवाला बाहेरून आणून बसवलं. सटवा गोरड नव्हता. तुमचं कूळ एक नाही, कधीच नव्हतं. केराबाई खरं सांगत होत्या. माझी चूक झाली, कस्तुरा. ‘चूक’ हा शब्द पोस्टकार्डावर लिहिता आला नव्हता तो आता तोंडातून निघाला, आणि अण्णांच्या डोळ्यांना धार लागली.

कस्तुरा चुलीपुढं बसली होती. तिनं पुरणात पळी फिरवली. चुलीतलं लाकूड जरा मागं ओढलं. मग तिनं एकच विचारलं.

“कवा कळलं तुमाला?”

इथं अण्णांना वाट होती. काल कळलं, म्हणता आलं असतं. परवा एका पुस्तकात सापडलं, म्हणता आलं असतं. तिनं ते मान्य केलं असतं, तिच्या आवाजात तसं मागणंच होतं. पण अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा न खाकरता उत्तर दिलं.

“तुझ्या लग्नाआधी आठ दिवस. सहाव्या दिवशी मंगळवेढ्यापर्यंत आलो होतो. तिथनं परत फिरलो.”

“मंगळवेढ्यापतूर,” ती म्हणाली. “तितनं आमचं गाव सात कोस.”

तिला राग आला असता, ती रडली असती, घरातून चालता हो म्हणाली असती, तर अण्णांना बरं वाटलं असतं. त्यासाठीच तर ते आले होते. पण तिनं तसलं काही केलं नाही. पदरानं हात पुसले, कागद नीट गुंडाळला, नळीत घातला आणि नळी देवांच्या मागं ठेवली. मग त्यांच्याकडं न बघता म्हणाली, “तुमचं हलकं झालं अण्णा. माझं काय करू? सात वरसं मी त्याला भाऊ म्हनून ओवाळलं, खरंच मनापास्नं. आता त्यो यील, आन मला ठावं हाय. आज कसं ओवाळू?”

हे अण्णांच्या मनात आलंच नव्हतं. आपण सांगितलं की आपण सुटलो, तिचं ती बघेल, एवढाच त्यांचा विचार. स्वतःपुरतं बघायची सवय जुनी. ते उठायला लागले, पण तेवढ्यात बाहेर मुलींचा गलका झाला. येडूमामा, येडूमामा. तिनं झटक्यात वळून अण्णांना खाली बसवलं आणि दबक्या आवाजात बजावलं की याच्यातला एक शब्द त्याच्या कानावर जाता कामा नये. चुकलं म्हटलं तर त्यो माफ करंल. आठ दिस ऐकले तर त्यो जगायचा न्हाय.

येडू आत आला. अंगात गिरणीकामगाराचा सदरा, हातात कागदात बांधलेलं लुगडं, कडेवर धाकटी. कानाजवळ केस पांढरे झाले होते. अण्णांना बघून तो आधी चकित झाला आणि मग तोंडभरून हसला. अंघोळ करूनच आलो, म्हणाला. कस्तुरानं पाट मांडला, तबकात निरांजन लावलं, सुपारी ठेवली. येडू टोपी सारखी करून पाटावर बसला. कस्तुरा पुढं आली. तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि तबक उचललं. दरवर्षी ती त्याच्या तोंडाकडं बघून ओवाळत असणार. आज तिची नजर निरांजनाच्या वातीवर होती.

“का गं,” येडू म्हणाला, “हात का कापतुया?”

“तूप काटोकाट झालंय. सांडंल म्हून.”

तीनदा ओवाळून तिनं तबक खाली ठेवलं. येडूनं लुगडं तबकात घातलं. हिरवं होतं. कस्तुरा परत चुलीपुढं जाऊन बसली. मग तो पाटावरून उठला, अण्णांच्या पुढं आला आणि दोन्ही हातांनी त्यांचे पाय धरले. अण्णांनी पाय मागं घ्यायचा प्रयत्न केला, पण मागं भिंत होती.

“तुमी त्या दिशी वाचून सांगितलं म्हून वाचलो अण्णा,” येडू म्हणाला. “न्हायतर कसलं पाप झालं असतं. बहीण मिळाली ती येगळीच. कागद इसरत न्हाय म्हनाला हुता, ध्यानात हाय माझ्या.”

त्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. तो पाय धरून वर बघत होता, मुलीही बघत होत्या. अण्णांनी तोंड उघडलं आणि खाकरले.

चुलीपुढून कस्तुरानं मान वर केली.